कुसमौऱ्याच्या वळणावरची रांगोळी

सरलाबाई ढेरंगे मारकुटी होती. हे आधीच सांगून टाकतो, कारण तिच्याविषयी बोलताना लोक पुढचं सगळं सांगतात आणि एवढंच झाकतात. झाकण्यासारखं त्यात काही नाही.

ती अकोले तालुक्यातली, डोंगराच्या पोटाशी असलेल्या एका गावची. बाप रोज संध्याकाळी पिऊन यायचा आणि हाताला येईल त्यानं तिच्या आईला मारायचा. सरला बारा वर्षांची होती तेव्हाची गोष्ट. बापानं आईचे केस मुठीत धरून तिचं डोकं उखळावर आपटलं. सरलानं दाराआडची जुवाची शिवळ, हातभर लाकडी दांडा, उचलली आणि बापाच्या कोपरावर घातली. हाड मोडल्याचा आवाज शेजारच्या अंगणात ऐकू गेला. पुढं तीन महिने तिनंच बापाला दोन्ही वेळा भरवलं. घास तोंडाशी नेऊन म्हणायची, "खा. बरा हो. आणि परत उचलून बघ." बापानं परत हात उचलला नाही.

लग्न झालं ते शरदशी. तो रेल्वेत सिग्नलच्या कामावर. चौऱ्याऐंशी साली त्यांची बदली लखनौला झाली आणि तेलीबागेत त्यांनी दोन खोल्यांचं घर घेतलं. चौतिसाव्या वर्षी ती सायकल शिकली. रोज पडायची, रोज गुडघे फुटायचे, आणि रक्त पुसत ती परत सीटवर बसायची. शिकल्यावर महिनाभरातच बाजारात एका उंडग्यानं भाजीच्या गर्दीत तिला चिमटा काढला, तेव्हा तिनं सायकलचा पंप काढून भर बाजारात त्याचं नाक फोडलं. भाजीवाला म्हणाला, "बहनजी, बस कीजिए, मर जाएगा." ती म्हणाली, "मरेगा नहीं, सुधरेगा. आधा किलो भिंडी तौलो."

तेलीबागेतल्या आम्हा पंधरा-वीस जणांचं एक सायकल मंडळ होतं. फौजेतून निवृत्त होऊन इथंच राहिलेले चार मराठी जवान, रेल्वेतली माणसं, त्यांच्या बायका-मुली, शेजारचे एक मास्तर. शर्यत लावायची नाही आणि कोणाला मागं टाकायचं नाही, एवढाच नियम. महिन्याच्या पहिल्या रविवारी उजाडताना निघायचं, रायबरेली रोड सोडून कालव्याच्या वाटेला लागायचं, कुठल्या तरी आमराईत पुऱ्या-भाजी खायची, गप्पा मारायच्या आणि ऊन चढायच्या आत घर गाठायचं. मंडळाचे म्होरके हवालदार हरिहर जगदाळे. म्होरके असूनही ते सगळ्यांच्या मागं सायकल चालवायचे. जो दमला त्याच्या मागं ते.

पुढचा आणि मागचा यांच्यात कधी कधी दोन मैलांचं अंतर पडे. खेड्यांतल्या वाटा सारख्याच दिसतात, माणसं चुकायची. हरिहर वळणावरच्या झाडांना लाल चिंध्या बांधायचे. त्या शेळ्या खायच्या.

"हवालदारसाहेब, चिंध्या कसल्या बांधता?" सरलाबाई म्हणाली. "मी रांगोळी काढते."

तेव्हापासून ती अर्धा तास आधी एकटीच निघायची. हँडलच्या पिशवीत माहेराहून आणलेल्या रांगोळीचा डबा. प्रत्येक वळणावर उतरायची आणि ज्या बाजूला जायचं त्या बाजूला लक्ष्मीची चार इवलीशी पावलं काढायची. प्रत्येक पावलावर चिमूटभर हळद, चिमूटभर कुंकू. तिची सतरा वर्षांची मुलगी रुचा हसायची.

"मम्मी, ये हळद-कुंकू किसलिए? सीधा ॲरो बना दो ना."

"नुसती पांढरी रांगोळी अशुभ असते गं. माझ्या माणसांच्या वाटेवर मी ती ठेवायची नाही."

दोन वर्षं ती पावलं आम्हाला वाट दाखवत होती. त्या मुलखात तिठ्यावर असं पांढरं, पिवळं, लाल कोण टाकतं आणि कशासाठी टाकतं, हे आमच्यातल्या एकाच्याही डोक्यात आलं नाही. मास्तर तिकडचे होते, पण ते शहरात वाढलेले. आमच्या बायकांना तर रांगोळी म्हणजे घरचं दार, सण, शुभ एवढंच माहीत.

चौऱ्याण्णव सालचा एप्रिल. गहू कापणीला आला होता. कालव्याच्या कडेनं मोहाची फुलं गळत होती आणि त्यांचा गोड, जड वास पहाटेच्या गारव्यात वाटभर साचला होता. अशा सकाळी सरलाबाई कुसमौरा नावाच्या खेड्यात शिरली. गावाच्या टोकाला वाट फुटत होती. तिथं झाड नव्हतं, दगड नव्हता. एक मातीचं घर, त्याच्यापुढं शेणानं सारवलेली जागा आणि घराच्या भिंतीलगत डावीकडं जाणारी आमची वाट. ती उतरली. सारवलेल्या जमिनीवर रांगोळी छान उठते. तिनं चार पावलं काढली, डावीकडं वळलेली. घराचं दारही डावीकडंच होतं.

त्या घरात बिट्टन नावाची दोन वर्षांची मुलगी दोन दिवस उलट्या-जुलाबानं पडली होती. तिची आई फूलमती रात्रभर जागी होती आणि ओझा, म्हणजे त्यांच्याकडचा देवऋषी, पहाटेपासून उंबऱ्यात बसून धुरी देत होता. सरलाबाई दोन शेतं पुढं गेली असेल नसेल, फूलमती पाणी आणायला बाहेर आली. तिनं दारापुढं पाहिलं. लेकराएवढी पांढरी पावलं, त्यांच्यावर लाल ठिपके, आणि ती तिच्या दारात शिरताना दिसत होती.

तिची किंकाळी सरलाबाईलाही ऐकू गेली. कोणाला तरी साप चावला असं समजून तिनं सायकल वळवली. पळून गेली असती तर सुटली असती. मदतीला म्हणून ती स्वतः मागं फिरली.

सात-आठ माणसं लाठ्या घेऊन धावत येत होती.

"का हुआ भैया? साँप है क्या?" तिनं विचारलं.

पहिल्यानं उत्तर न देता सायकलला लाथ घातली. ती सायकलसकट बांधावरून गव्हात कोसळली. उठते तोच दुसऱ्यानं वेणी धरली. "हमरे दुआरे का धरे हौ? बोल! आमच्या दारात काय टाकलंस?" सरलाबाईनं विचार केला नाही. पंप हाताशी होता. वेणी धरणाऱ्याच्या तोंडावर तिनं तो सगळ्या ताकदीनं हाणला. त्याचे दोन दात गेले. तो बिट्टनचा काका होता.

मग मात्र लाठ्या पडल्या. पहिली खांद्यावर बसली आणि गळ्याजवळचं हाड मोडलं. दुसरी मांडीवर. तिसरी तोंडावर. रक्तानं भरलेल्या तोंडानं ती एकाच्या हाताला चावली आणि त्यानं ओरडून हात सोडवेपर्यंत तिनं दात उघडले नाहीत. तिला फरपटत गावात आणलं. दारासमोर बैलांसाठी पुरलेल्या खुंटाला दोरानं बांधलं. एका म्हातारीनं विळ्यानं तिची वेणी कापली, कारण त्यांच्या समजुतीप्रमाणे डायनीची, म्हणजे चेटकिणीची ताकद केसांत असते. विळा बोथट होता. केसांबरोबर कातडीही निघाली. एव्हाना तिथं पन्नास माणसं जमली होती.

"मैं डायन नहीं हूँ," सरलाबाई सांगत होती. "वो रास्ता दिखाने का निशान है. पीछे मेरे लोग आ रहे हैं."

"देखा?" ओझा म्हणाला. "कहती है, पीछे और आ रही हैं."

त्याच्या हुकमावरून फूलमतीनं लेकरू आणून तिच्या पायांशी, फाटक्या गोधडीवर ठेवलं. "उतार ले," ती म्हणाली. "जे टाकलंस ते परत घे." बोलता बोलता तिनं सरलाबाईच्या थोबाडीत मारली आणि मग तीच रडायला लागली.

सरलाबाईनं लेकराकडं पाहिलं आणि स्वतःचं दुखणं तिला आठवेना. डोळे खोल गेलेले. ओठांना भेगा. मुलगी रडत होती, पण डोळ्यांत पाणी नव्हतं. सरलाबाईच्या पाठची बहीण अशीच गेली होती, हगवणीनं, तिच्या मांडीवर.

"इसका पेट चिमटी में पकड़ो," ती फूलमतीला म्हणाली. "पकड़ो!"

फूलमतीनं घाबरत पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली. कातडी तशीच उभी राहिली, मळलेल्या कणकेसारखी.

"बाई, हिच्या अंगातलं पाणी संपलंय. डॉक्टर के पास ले जाओ. अभी. दोपहर तक मर जाएगी."

एवढं म्हणायची चूक झाली. "सुना? मारने का टाइम बता रही है!" ओझा ओरडला आणि तिच्या मोडक्या खांद्यावर पुन्हा लाठी बसली. सरलाबाई शुद्ध हरपण्याच्या काठावर गेली.

त्याच वेळी आमच्या सायकली वळणावर आल्या. पावलं बघत बघतच आम्ही आलो. रुचा सगळ्यांत पुढं होती. तिनं आईला पाहिलं आणि सायकल चालतीच सोडून दिली. "मम्मी!" दोन बायकांनी तिला वाटेतच जमिनीवर पाडलं आणि एक तिच्या छातीवर बसली. आमच्यातल्या दोघा जवानांनी सायकलींना कुलूप घालायच्या साखळ्या काढल्या. मागून हरिहर पोचले. ते हात वर करून काही बोलू पाहत होते. कोणी तरी फेकलेली वीट त्यांच्या कपाळावर बसली. पांढऱ्या मिशा लाल झाल्या. ते गुडघ्यावर खाली गेले, तरी हात वरच.

"साखळ्या खाली!" ते आमच्याकडं वळून ओरडले. "कोणी मारायचं नाही! ते पन्नास आहेत!"

पण कोण ऐकतंय. मला स्वतःला तेव्हा समोरच्याचं डोकं फोडायचं होतं, दुसरं काही नको होतं. लाठ्या उचललेल्या, साखळ्या उचललेल्या. आणखी एक घाव कुठूनही पडला असता तर त्या अंगणात चार-पाच मुडदे पडले असते आणि पहिली ती गोधडीवरची मुलगी पायांखाली गेली असती.

तेव्हा सरलाबाई ओरडली.

"हाँ! मैंने किया है! मैं हूँ डायन!"

उचललेल्या लाठ्या हवेतच थांबल्या.

"मैंने रखा है, मैं ही उतारूँगी," ती म्हणाली. तोंडातलं रक्त तिनं थुंकलं. "लेकिन मेरे एक भी आदमी को हाथ लगा, तो नहीं उतारूँगी. रुचा, उठ. रडू नको."

रुचाच्या छातीवरची बाई आपण होऊन उठली.

"तो उतार," ओझा म्हणाला. "यहीं उतार."

"यहाँ नहीं उतरेगा. मोहनलालगंज के अस्पताल में उतरेगा. सुई से. मेरा टोना सुई से ही उतरता है."

"भाग जाएगी ये!"

सरलाबाईनं मान वळवून त्याच्याकडं पाहिलं. एक डोळा सुजून मिटला होता. "ठीक है ओझाजी, आप उतारिए. सूरज सिर पर आने तक बच्ची ने आँख नहीं खोली, तो मेरी जगह इस खूँटे से आप बँधेंगे. सबके सामने बोलिए."

ओझानं घरातल्या धुरीकडं पाहिलं, मग लोकांकडं. "ज्यानं टाकलं त्यानंच काढावं, असा नियम आहे," असं काहीसं तो पुटपुटला.

बिट्टनचा आजा, बद्री, आतापर्यंत बोलला नव्हता. त्यानं पुढं होऊन आपल्या हातानं दोर सोडला. "चलो," म्हणाला. "लेकिन बच्ची मरी, तो तू भी उसी रस्ते जाएगी."

"मंजूर," सरलाबाई म्हणाली.

गावातला एकुलता एक ट्रॅक्टर मळणीला गेला होता. सायकलींशिवाय दुसरं काही नव्हतं. रुचाच्या मागं कॅरिअरवर फूलमती बसली, मांडीवर बिट्टन. ज्या हातांनी तासापूर्वी तिच्या आईला मारलं, ते हात रुचाच्या कमरेला विळखा घालून होते. सरलाबाई हरिहरांच्या दांडीवर. त्यांच्या कपाळाला रुमाल बांधलेला, तरी थेंब तिच्या मानेवर पडत होते. आमच्या पंधरा सायकली आणि दोन्ही बाजूंनी लाठ्या घेतलेल्या माणसांच्या दहा-बारा सायकली. बिट्टनचा काका फुटक्या तोंडावर गमछा दाबून एका हातानं चालवत होता. नऊ किलोमीटर. खड्डा आला की सरलाबाईच्या तोंडून आवाज निघायचा, मग ती तोच आवाज हाकेत बदलायची.

"पाणी दे तिला! चमचा, चमचा! हर पीपल पर रुको!"

रुचाच्या बाटलीत लिंबू, मीठ, साखरेचं पाणी होतं, आम्ही सगळेच नेतो तसं. फूलमतीनं विचारलं, "ई का है?" रुचा थकून, चिडून म्हणाली, "जादू है. पिलाओ." आणि फूलमती पाजत राहिली. पहिले चार चमचे ओघळून गेले. पाचवा गिळला.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी मुलीला सलाईन लावलं. शीर सापडत नव्हती, तिसऱ्या टोचणीला सापडली. मग त्यांनी सरलाबाईकडं पाहिलं, तिच्या अर्धवट सोललेल्या डोक्याकडं पाहिलं आणि विचारलं, "किसने मारा?"

दारात बारा लाठ्या उभ्या होत्या. पोलीस बोलावले असते तर त्याच क्षणी त्यांनी सुई उपटून मुलगी परत नेली असती.

"साइकिल से गिर गई," सरलाबाई म्हणाली.

"और बाल? बाल भी साइकिल ने काटे?"

"हाँ, चेन में फँस गए."

दुपारी दोनच्या सुमारास बिट्टननं डोळे उघडले आणि ती रडली. या वेळी डोळ्यांतून पाणी आलं. सरलाबाई भिंतीला टेकून बसली होती. ते पाणी तिनं पाहिलं आणि मगच ती बेशुद्ध पडली.

तीन आठवडे तिनं अंथरूण धरलं. चार दात गेले, हाड वाकडं जुळलं. शरद तक्रार करायला ठाण्यात गेला तो तसाच परत आला आणि त्यानं सगळा राग तिच्यावर काढला.

"पन्नास माणसांसमोर तू स्वतः कबूल केलंस, असं ठाण्यात म्हणतात. आता मी काय लिहून देऊ? काय गरज होती तसं बोलायची?"

"खरं बोलून बघितलं होतं," ती म्हणाली. "त्याचा हा खांदा झाला."

"लोक काय म्हणतायत, ऐकलंस का?"

ऐकलं होतं. दूधवाला कुसमौऱ्याच्या बाजूचाच, त्यानं दूध घालणं सोडलं. शेजारची लतिका चैत्रातल्या हळदीकुंकवाला तिला बोलवायची विसरली, आणि विसरली असं दोघींनीही मानलं. आपल्या तान्ह्या नातवाला घेऊन ती सरलाबाईच्या फाटकावरून जाताना पदर ओढून घ्यायची. बापाचं हाड मोडणारी बाई या एका गोष्टीवर कोणाला मारू शकली नाही. कोणाला मारणार? शब्द तिचाच होता.

मंडळानं ती वाट सोडली. हरिहरांनी नवा नियम काढला, सगळ्यांनी एकत्रच चालायचं, पुढं कोणी नाही, मागं कोणी नाही. त्यांच्या कपाळावर खाच राहिली.

जून उजाडला. लू, म्हणजे तिकडचा अंग भाजणारा वारा, वाहत होती, रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. सरलाबाई फाटकाशी कुंडीला पाणी घालत होती. समोर बद्री उभा. त्याच्याबरोबर एक तरुण बाई, तिच्या खांद्यावर तापानं लाल झालेली चार-पाच वर्षांची मुलगी. बद्रीच्या एका हातात नारळ, दुसऱ्या हातात पाय बांधलेली काळी कोंबडी.

"मइया," तो म्हणाला आणि फाटकाबाहेरच उकिडवा बसला. "इसका भी उतार दो."

सरलाबाईचा चांगला हात वर गेला. तिच्या हातातला तांब्या त्याच्या डोक्यात बसणार, असं आत उभ्या असलेल्या रुचाला वाटलं.

"मम्मी, मना कर दो," ती धावत बाहेर आली. "बोल दो कि तुम कुछ नहीं हो. यार, इन लोगों ने तुम्हें मारा है!"

"मी काही नाही म्हटलं, तर हे कुठं जातील?"

रुचानं खांद्यावरच्या त्या तापलेल्या मुलीकडं पाहिलं.

"ओझाच्या दारात," सरलाबाई म्हणाली आणि बद्रीकडं वळली. "कब से है बुखार?"

"पाँच दिन."

"पाँच दिन!" तांब्या खाली आदळला. "पाँच दिन घर में बिठाकर रखा? बुढ़ऊ, लाठी किधर है तुम्हारी? लाओ, आज मैं मारूँगी!" बद्रीनं मान पुढं केली. तो खरोखरच मार खायला तयार होता. तिनं शिव्या दिल्या, मराठीत, अकोल्याच्या, दोन पिढ्यांचा उद्धार करणाऱ्या. मग म्हणाली, "मुर्गी यहीं छोड़ो. रुचा, सायकल काढ. माझ्यानं अजून पेलत नाही, तू चालव."

शहरातल्या मोठ्या दवाखान्यात दुपारी बारा वाजता खिडकीवर गर्दी होती. ती कोपरानं वाट काढत पुढं शिरली. दोघांना ढकललं, एकानं उलट ढकललं तर त्याच्या पायावर टाच दिली. खिडकीतला बाबू मान खाली घालूनच लिहीत होता.

"मरीज़ का नाम? उमर?" मग म्हणाला, "साथ में कौन है?"

"ये हैं," मागून बद्री हात जोडून, मोठ्या आदरानं म्हणाला. "हमारे गाँव की डायन हैं, साहब."

बाबूनं मान वर केली. रांगेतली माणसं दोन पावलं मागं सरली. सरलाबाईनं पुढ्यात आयती झालेली जागा पाहिली, खिडकीच्या लाकडावर दोन्ही हात टेकले आणि म्हणाली,

"लिखिए. जो बोल रहे हैं, वही लिखिए. पर जल्दी लिखिए, बच्ची तप रही है."